कोरफड आणि म्हातारी शेळी

कोणे एके काळी एका परसात शेळ्यांच्या शेजारी कोरफड वाढत होती. एकदा एका करडाच्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या. म्हातारी शेळी पान तोडू लागली, तेव्हा कोरफड म्हणाली, "आजी, भाजलेल्याला मी गारवा देते. अळ्या माझ्याने निघत नाहीत. साळुंकीला बोलवा, ती चोचीने वेचेल."

करडाची आई म्हणाली, "सासूबाई, बोलवूया ना."

"काल व्यालीस आणि मला शिकवतेस? माझी खाज हिच्याच गराने गेली."

म्हातारीने पान तोडून जखमेवर गर चोळला. गराने जखम वरून चकचकीत दिसू लागली. सगळ्यांनी म्हातारीला वाखाणलं. आत अळ्या हाडापर्यंत पोचल्या आणि करडू मेलं.

"गर कमी पडला," म्हातारी म्हणाली.

शेजारीण आपलं लंगडणारं करडू घेऊन पुढे आली. "आजी, मग मी दुप्पट लावू ना?"