पहिल्या टिपरीचा मान

एका राज्यात राजा होता, पण तो निजलेला होता. सात वर्षांपूर्वी सिंहासनावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, तो उघडलाच नाही. राज्य चालवायचा त्याचा प्रधान धूम्रकेश. तो जादूगार होता हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्यापाशी फौज नव्हती, चाबूक नव्हता, आणि तरी त्या नगरात कुणी मान वर करून बोलत नसे. हे कसे जमले म्हणाल, तर मानपानाच्या जोरावर. रंगाऱ्यांच्या आळीत एकालाच रुप्याचा तोडा द्यायचा, माळ्यांच्या आळीत एकालाच डोक्याला जरीचा मंदील. मग सगळी आळी त्या एकावर डोळा ठेवते, तो एक आळीवर डोळा ठेवतो, आणि प्रधान खुशाल झोपाळ्यावर झोके घेत बसतो.

वेशीवरच्या नगारखान्यात नऊ नगारची होते. पहाटे नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली की वेस उघडायची. ती टिपरी पाळीपाळीने मारायची, आज याने, उद्या त्याने, अशी वाडवडिलांची रीत. धूम्रकेशाने ती रीत मोडली. मान गुणाला मिळावा, पाळीला नव्हे, असे म्हणून त्याने पहिली टिपरी कायमची येसोजीला देऊन टाकली. उरलेल्या आठांना रीत मोडल्याचे काही वाटले नाही. प्रत्येकाला एवढेच वाटले, की गुणच बघायचा होता तर माझा का नाही बघितला?

त्या आठांत भानजी होता. तो आणि येसोजी एकाच गुरूचे चेले, एका ताटात जेवलेले. म्हणून तर त्याच्या पोटात जास्त दुखायचे. परका पुढे गेला तर माणूस दैवाला बोल लावतो. घरचा पुढे गेला तर अन्न गोड लागत नाही. येसोजी स्वभावाने वाईट असता तरी बरे झाले असते. पण तो रोज टिपरी खाली ठेवून विचारायचा, "भानबा, आज हात जड पडला का रे माझा?" भानजी "छे" म्हणायचा आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.

धूम्रकेशाला हे ओळखायला मंत्र लागला नाही. एका दुपारी त्याने भानजीला बागेत बोलावले आणि झोपाळ्यावर आपल्या शेजारी बसवले.

"खरा हात तुझा," प्रधान म्हणाला. "पण मी माझ्या हाताने कुणाचे काही काढून घेत नाही. तीन गोष्टी तू दे. पहिली टिपरी तुझी."

पहिली गोष्ट होती येसोजीच्या पायाखालची माती. भानजीने नगारखान्याचा जिना झाडला आणि चिमूटभर माती नेऊन दिली. दुसऱ्या दिवसापासून येसोजीची पावले नगारखान्यापर्यंत जात, पण वेशीबाहेर पडायला गेली की आपोआप मागे वळत. भानजीला वाईट वाटले, पण फार नाही.

दुसरी गोष्ट होती येसोजीचे प्रधानाविषयीचे बोलणे. ते मिळवायला कष्ट पडले नाहीत, कारण येसोजी भानजीपासून काही लपवत नसे. राजा निजला नाही, त्याला निजवला आहे, असे तो जेवता जेवता बोलून गेला. भानजीने ते जसेच्या तसे पोचते केले. त्याच संध्याकाळी येसोजीची वाचा गेली. आता तरी हा मागे पडेल, असे भानजीच्या मनात आले. पण झाले उलटेच. मुक्या माणसाचे सगळे बोलणे त्याच्या हातांत उतरले, आणि त्याचा नगारा ऐकायला पाणी भरायला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून थांबू लागल्या. भानजी जळून कोळसा झाला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी होती. बागेतल्या पिंजऱ्यांसमोर उभे राहून, मनातल्या हेव्यासकट, येसोजीचे नाव घ्यायचे.

भानजी भर दुपारी तिथे गेला. एका झाडाला चाळीस पिंजरे टांगलेले, प्रत्येकात एक साळुंकी. शेंड्याजवळचे आणखी दोन पिंजरे रिकामे. खालच्या पिंजऱ्यातली साळुंकी बोलली.

"मी रंगारी होतो. मला माझ्या शेजाऱ्याने प्रधानाच्या हाती दिले. तो वरच्या पिंजऱ्यात आहे."

"त्याला कुणी दिले?"

"त्याच्या साडूने. साडू त्याच्याही वर."

"आणि प्रधानाने काय केले?"

"काही नाही. तो फक्त मागतो. देणारे आपलेच हात."

भानजीने वर पाहिले. रिकामे पिंजरे कुणाचे, हे त्याने विचारले नाही. तरी साळुंकीने सांगितले, की एक तुझ्या गुरुभावाचा, आणि एक तुझा, तुझी पाळी येईल तेव्हाचा. खरे सांगायचे तर एवढे ऐकूनही भानजीच्या कानात पहिली टिपरीच घुमत होती. माणसाचा हेवा असा मेला चिवट असतो.

मग साळुंकी म्हणाली, "पंखांनी नगारा वाजत नाही, बाबा."

तेव्हा मात्र त्याला उमगले. ज्या हाताचा हेवा केला तो हातच उरणार नव्हता. तसा नगारा मग या जन्मी ऐकायला मिळणार नव्हता, आणि तो ऐकल्यावाचून भानजीचा एक दिवस गेला नव्हता. हे मोडायचे कसे, त्याने विचारले.

"पोटातला हेवा त्याचा मंत्र होतो. तोच चारचौघांत बोलून टाकला की मंत्र फुकट जातो. आम्हांला ते कुणालाच जमले नाही."

"का?"

"लाज वाटली."

भानजी प्रधानाकडे गेला आणि म्हणाला, की येसोजीचे नाव मी घेईन, पण नगारखान्यात, हातात टिपरी घेऊन, सगळ्या नगरादेखत. धूम्रकेश खूश झाला. भाऊच भावाला उघड्यावर देतो हे पाहून नगर पुढची सात वर्षे गप्प बसेल, असा त्याचा हिशेब.

पहाटे वेशीपाशी सारे नगर लोटले. प्रधानाने येसोजीला बाजूला उभे केले आणि टिपरी भानजीच्या हातात दिली. किती वर्षे वाट पाहिली होती त्याने!  येसोजी त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याला अजून काही कळले नव्हते.

"येसोजी," भानजी म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या पायाची माती मी दिली. तुझे बोलणे मी पोचवले. तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस, आणि ते मला सोसवत नाही."

एवढे बोलून त्याने टिपरी येसोजीच्या हातात ठेवली.  मग गर्दीतून माळ्यांचा एक म्हातारा म्हणाला, त्या मंदिलासाठी मी माझ्या भाच्याला प्रधानाच्या हाती दिले. त्याच्यामागून दुसरा बोलला, मग तिसरी. धूम्रकेश ओठ हलवत होता, पण मंत्र बसायला कुणाच्या पोटात हेवाच उरला नव्हता. शेवटी मंत्र त्याच्यावरच उलटला, प्रधानाची टिटवी झाली, आणि ती ओरडत माळरानाकडे गेली. बागेतले पिंजरे तुटले आणि चाळीस माणसे झाडावरून चाचपडत खाली उतरली. येसोजीची पावले मोकळी झाली, त्याला वाचा आली. भानजीशी मात्र तो चार महिने बोलला नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही.

राजा जागा झाला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "आज पाळी कुणाची?" नगारच्यांनी बोटे मोजली. ती भानजीची निघाली नाही, येसोजीचीही नाही. सात वर्षे मागे बसून पेंगणाऱ्या धोंडाजीची निघाली. त्याने वाजवले, आणि वाईटच वाजवले. वेस मात्र उघडली.

त्या दिवसापासून तिथे नवी रीत पडली. पहिली टिपरी पडण्याआधी उरलेले आठ जण मोठ्याने सांगतात, की आम्हांला याचा हेवा वाटतो. लोक हसतात. भानजीच्या पाळीला चार महिने सातांचेच आवाज येत. पाचव्या महिन्यात त्याची पाळी आली, तेव्हा आठांत सगळ्यांत मोठा आवाज येसोजीचा होता.