ढोल्याची मूठ

व्हॅक्यूम क्लीनरना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. मोडीत निघालेले जुने क्लीनर इंदूताई पेडणेकर शोधून शोधून घरी आणत. मोटारीची जळकी तार उलगडून नवी गुंडाळत, फाटकी पिशवी शिवत, गंज घासून रंग देत. फळीवर मांडलेली ती यंत्रं पाहून पाहुणे तोंडात बोट घालत.

ढोल्या त्यांतला सगळ्यांत म्हातारा. त्याचा घसा मोकळा झाला, पोटावर हिरवा रंग चढला. इतरांच्या मुठी मोडलेल्या होत्या, त्यांना ताईंनी नव्या बसवल्या होत्या. ढोल्याची लाकडी मूठ मात्र तशीच ठेवली. धरून धरून ती झिजली होती, मधोमध चार बोटांचा खळगा पडला होता.

"अंग राजाचं आणि हात भिकाऱ्याचा!" ढोल्या कुरकुरला. "ताई, माझ्याच वेळी हात आखडता का घेतलात?"

ताईंनी हसून मुठीवरून फडकं फिरवलं.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. ढोल्या फणकारला, "हिनं अजून एक कण झाडलेला नाही! मी चाळीस वर्षं धूळ गिळली."

"ठाऊक आहे. तुझी मूठच सांगते," ताई म्हणाल्या. त्यांनी खळग्यात आपली चार बोटं ठेवली. ती अगदी नेमकी बसली. "कुण्या बाईच्या हाताची खूण आहे ही. ती मी रंगानं पुसू होय रे?"

आणि कुंकवाचं बोट त्यांनी त्या खळग्यातच टेकवलं.

फळीवरची चकचकीत यंत्रं आपापल्या गुळगुळीत मुठींकडे पाहत राहिली.