टू-स्ट्रोकची पंगत

आंब्याला मोहोर आला होता, त्यावर तुडतुडे पडले होते, आणि आमचे फवारणीचे सगळे पंप चंद्राकाकीच्या गॅरेजात खोललेले. नेमके तेव्हाच तालुक्याचे इनामदारसाहेब तपासणीला टपकले. काकी चौथी नापास, हे त्यांना आधीच कळलेलं.

"बाई, या पंपांचं टू-स्ट्रोक इंजिन जास्त पेट्रोल का पितं? सांगा, नाहीतर गॅरेज बंद!"

आमचा मोहोर तिथंच गळायला लागला. काकीनं हात पुसले.

"साहेब, लग्नातली पंगत बघितलीत ना? पहिली उठते न उठते तोच दुसरी घुसते. त्या रेटारेटीत दोनचार जण न जेवताच मागल्या दारानं बाहेर! तसं थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर जातं. फोर-स्ट्रोकमध्ये पंगत उठते, मांडव झाडून होतो, मगच दुसरी बसते."

"मग ही उधळपट्टी हवी कशाला?"

"मांडव लहान नि वऱ्हाड मोठं, तर दुसरं काय करणार? पंप पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. इंजिन हलकं हवं, जोर मात्र दर फेरीला हवा. की फोर-स्ट्रोकवाला तुम्ही उचलताय?"

साहेबांनी डोंगराकडे बघितलं आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

आम्ही सुटलो एकदाचे! दुपारी पंप सुरू झाले, तेव्हा त्यांचा धूरसुद्धा आम्हाला उदबत्तीसारखा वाटला.