थांबलेली दुपार

एका राज्यात, अगदी टोकाला, एक पाणथळ रान होतं. मध्ये गुडघाभर पाणी, पाण्यात लव्हाळे नि कमळं, काठाने जुनाट अर्जुनवृक्ष. राजपुत्र इंद्रसेन आणि त्याची धाकटी बहीण शेवंती रोज तिथे खेळत, अर्जुनाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर झुलत, डुंबणाऱ्या म्हशींच्या पाठीवर बसत.

राज्याभिषेकाच्या आदल्या दुपारी घरी निघताना इंद्रसेनाचा पाय रानातून निघेना. काठावर एक मांत्रिक बसला होता. त्याला तो म्हणाला, "महाराज, ही दुपार अशीच राहू द्या."

"राहील. मागणाऱ्यालाच ती मोडता येईल," मांत्रिक म्हणाला, आणि त्याने रानाभोवती भस्माची रेषा ओढली.

कशी मोडायची, ते इंद्रसेनाने विचारलं नाही. विसरलेलं कमळ आणायला शेवंती आत परतली होती, हेही त्याला उशिरा कळलं.

तेव्हापासून आत पान गळलं नाही, पाणी हललं नाही. शेवंती एक पाय उचलून, हसत, तशीच उभी राहिली. राजा झालेल्या इंद्रसेनाने रानाला पहारे बसवले, म्हशींना बंदी केली. दर वर्षी तो यायचा, दाढीला कलप लावून, जुनी पगडी घालून. ती जागी झालीच, तर तिने ओळखायला हवं!

एके वर्षी रेषेपाशी टिटवी ओरडली, "राजा, राखण कसली ही? रानाचा मुरांबा घातलास! मी अंडी कुठे घालू?"

"माझी बहीण सुटेल असं काही सांग."

"तुला सगळंच ठेवायचंय, म्हणून ती अडकलीय. आत म्हशी घाल. तुमचा झोका तोड. मग तोंड धू."

राजाने म्हातारा गुराखी गोंदाजी याला बोलावलं आणि स्वतः पुढच्या म्हशीवर बसला.

"सरकार, पगडी सांभाळा. ही पाणी दिसलं की बसतेच!" गोंदाजी म्हणाला.

म्हशींनी रेषा तुडवली. आरशासारखं पाणी चिखलाने गढूळ झालं, आणि हललं.

झोक्याच्या दोरावर कोयता ठेवण्याआधी राजाने त्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. बाबांनी बांधलेला दोर होता तो. दोर तुटला, तशी अर्जुनाची पानं झरझर गळू लागली.

शेवटी राजा पाण्याशी वाकला. कलप ओघळला, पांढरी दाढी उघडी पडली. शेवंतीचा पाय छपकन पाण्यात पडला.

"आजोबा, माझा दादा पाहिलात का हो?"

"शेवंते, मीच तो."

"थापा! दादाच्या दाढीत एकसुद्धा पांढरा केस नाही." मग ती जवळ आली, त्याच्या भुवईवरच्या खुणेवर तिने बोट ठेवलं, आणि तिचा चेहरा बदलला. "दादा? किती म्हातारा झालास रे! मला एकटीला ठेवून?"

राजाने मान खाली घातली. "हो. मला दुपार सोडवेना."

तिने त्याची ओली दाढी ओढून पाहिली. मग तिने त्याचा हात धरला. "चल. आई वाट बघत असेल."

राजाने तिचा हात घट्ट धरला. "चल," तो म्हणाला, "आईचं वाटेत सांगतो."

पहारे उठले. टिटवीने काठाच्या खड्यांत अंडी घातली. म्हशी डुंबल्या, पाणी चढलं, उतरलं, पानं झडली, फुटली. रान पुन्हा चालू लागलं. कथा मात्र इथे थांबली.