सात तोंडांचं सत्य

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही गोष्ट फार जुनी आहे; इतकी, की त्या तळ्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तळ्यावर बाराही महिने धुकं असे. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. मग खरंखोटं ठरवायचं कसं? म्हणून तिथल्या राजाने कायदा केला होता: सात तोंडांनी सांगितलं, की ते सत्य.

तळ्यातल्या बेटावर पाठशाळा होती. तिथे सात मुलं शिकत. एके दिवशी डोंगरापलीकडून अनसू आली आणि आठ झाली. ती जरा हेल काढून बोले. मुलं आधी तिच्या नकला करत. मग बाजी नावाच्या दांडगट मुलाने नवा खेळ काढला. "अनसू म्हणून कुणी नाहीच, असं समजायचं!"

झालं! अनसूच्या जागेवर दुसऱ्यांच्या पाट्या पडू लागल्या. तिच्या पानातला घास दुसराच उचलू लागला. अधू नजरेचे गुरुजी विचारत, "सगळे आलात?" सात तोंडं म्हणत, "सातही आलो!" "मीसुद्धा आलेय," अनसू म्हणे, पण ते एकच तोंड. धुक्यात बसल्या बसल्या तिला वाटे, आपण खरंच आहोत ना? मग ती स्वतःलाच चिमटा काढून बघे.

अखेर ती न्यायाधीशांकडे गेली. त्यांनी सातही मुलांना बोलावलं. मुलं एका सुरात म्हणाली, "अशी मुलगी नाहीच."

"आजोबा, मी तुमच्यासमोर उभी आहे," अनसू म्हणाली.

"दिसतेस गं बाळ. पण सात तोंडं नाही म्हणतात. माझा नाइलाज आहे." त्यांनी उसासा टाकला आणि लिहून टाकलं: पाठशाळेत मुलं सात. इतका शिकलेला माणूस, पण डोळे असून आंधळा!

रोज दिवेलागणीला तळ्याचं पाणी चढे आणि बेट बुडून जाई. त्या संध्याकाळी गुरुजी आपल्या लहान होडीतून आधीच गेले होते. मुलांना नेणाऱ्या नावाड्याला नवा हुकूम मिळाला होता: मुलं सातच न्यायची. तो धुक्यात एकेका डोक्यावर हात ठेवून मोजू लागला. "पाच, सहा, सात. झाले!" होडी सुटली.

अर्ध्या पाण्यात मागून हाक आली, "अरे थांबा! मी राहिलो!" तो बाजी होता. सगळ्यांत शेवटी ऐटीत चढायची त्याची सवय होती.

"काका, होडी फिरवा!" सहा मुलं ओरडली.

"सात मोजलेत मी. तळ्यात भलत्यासलत्या हाका रोजच येतात. सात जणांनी सांगितलं तरच होडी फिरवायची, असा कायदा आहे. ओरडणारी तोंडं सहाच."

सहाही मुलं अनसूकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे कुणी पाहत होतं.

गप्प बसावं, असं अनसूच्या मनात आलं. पण धुक्यापलीकडे बाजी रडत होता, आणि तो तिथे आहे हे तिला ठाऊक होतं.

"काका, बाजी मागे राहिलाय. फिरवा होडी," ती म्हणाली.

"तू कोण? हुकुमात तू नाहीस."

"ती अनसू आहे!" सगळी रडत ओरडली. "आम्ही खोटं बोललो. ती पहिल्यापासून आहे!"

आता तोंडं सात झाली. होडी फिरली. बाजी छातीभर पाण्यात उभा होता. धुक्यातून एक हात पुढे आला. त्याने तो घट्ट धरला. "कोण आहे?"

"मी."

तो हेल त्याने ओळखला. "अनसू," तो म्हणाला, आणि मान खाली घालून होडीत चढला.

दुसऱ्या दिवशी बाजीने आपणहून न्यायाधीशांना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने तो कागद फाडला. "पोरी, तू डोळ्यांसमोर होतीस आणि मी तोंडं मोजत बसलो. मुलांची चूक लहान, माझी मोठी." त्यांनी राजाला सांगून तो कायदा मोडला. तेव्हापासून त्या राज्यात न्याय करणारा आधी स्वतः जाऊन पाहू लागला, आणि एकट्याचं म्हणणं सर्वांत आधी ऐकू लागला.

बोध: जे आहे ते सगळ्यांनी नाही म्हटलं तरी असतंच, म्हणून खोट्यात आपला आवाज मिसळून कुणा एकाला पुसून टाकू नये.