वितळून गोठलेली नळी

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. ऊन नाही, वारा नाही, नुसता उकाडा. सावित्री नदीचं पाणी हलायला तयार नव्हतं, आणि कारखान्यांच्या धुरांड्यांतला धूरसुद्धा वर जायचं सोडून तिथंच लोंबकळत राहिला होता.

“मग तिला ठेवू की काढू, बुवा?”

खेडेकर साहेब मठीच्या पायरीवर बसले होते. एक बूट काढलेला, दुसरा पायातच. तो काढायचंही त्राण उरलं नव्हतं.

बुवा शेजारचेच. खेडेकरांच्या परसाची भिंत तीच मठीची भिंत. पुढे खेडेकर औषधाच्या कारखान्यात लॅबचे मुख्य झाले, गाव त्यांना साहेब म्हणू लागलं. बुवांना मात्र ते हरीच राहिले.

बुवा भिजवलेले वाल सोलत होते.

“कुणाला ठेवू की काढू?”

“निलोफर मुकादम. लॅबमधली नवीन मुलगी. उद्या तिची उमेदवारी संपते. मी हो म्हटलं तर कायम, नाही म्हटलं तर घरी.”

“केलं काय तिनं?”

साहेबांनी सांगितलं. लॅबमध्ये एक यंत्र आहे. काचेच्या अगदी बारीक नळीत औषधाची पूड ठोकून ठोकून भरायची आणि नळी यंत्रात उभी करायची. यंत्र हळूहळू तापतं, पूड वितळते, आणि किती उष्णतेला वितळली तो आकडा यंत्र आपणहून दाखवतं. आकडा बरोबर आला की माल शुद्ध. तर निलोफरनं एका संध्याकाळी नवी नळी भरायचा कंटाळा केला. सकाळी वितळून पुन्हा गोठलेली एक नळी पडली होती, तीच लावली. आकडा खाली आला, आणि चांगला माल अशुद्ध ठरून अडकून पडला.

“पकडलीस कशी?”

“पकडली नाही... दुसऱ्या दिवशी आपण होऊन आली. म्हणाली, साहेब, दमले होते, जुनीच नळी लावली. माझं चुकलं.”

“मग?”

“मग काय! मुलगी चांगली आहे हो, बुवा. हुशार आहे, हात हलका आहे. पण मन धजत नाही.”

बुवांनी एक वाल सोलला. साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे.

“काय म्हणालास?”

साहेबांना वाटलं, बुवांना हल्ली कमी ऐकू येतंय. त्यांनी आवाज चढवला.

“मुलगी बरी आहे, म्हटलं! पण विश्वास कसा ठेवायचा? रोज सकाळी सगळ्यांसमोर उभी करून विचारतो, सांग, त्या दिवशी काय झालं. आधी म्हणाली, चुकले. मग म्हणाली, बस चुकेल म्हणून घाई झाली. काल तर म्हणाली, साहेब, तुम्हीच घाई लावली होती! रोज नवीन.”

“हं... यंत्र आल्यापासून तुझं काम हलकं झालं असेल, नाही?”

“झालंच की. पूर्वी भिंगाला डोळा लावून बसायचो. पूड कधी ओली होते ते बघत. पापणी लववायची सोय नव्हती. आता ते यंत्रच बघतं.”

“मग तुझे डोळे का इतके लाल?”

“आता मी माणसांकडे बघतो.”

बुवा हसले. साहेबांनाही हसू आलं, पण ते अर्ध्या वाटेतच दमलं.

बुवांनी पुढचा वाल उचलला.

“बरं, हरी, मुलगी कशी आहे म्हणालास?”

“बुवा, थट्टा चालवलीय का माझी?” साहेब ताडकन म्हणाले. “खोटारडी आहे! झालं समाधान? उद्या काढूनच टाकतो. आणि पुन्हा तुम्हाला विचारायलाही येणार नाही!”

बुवांचा हात थांबला नाही.

“आधी चांगली होती. मग बरी झाली. आता खोटारडी. मूठभर वाल सोलून होईस्तोवर एवढी बदलली?”

साहेबांनी पायातल्या बुटाची नाडी ओढून पाहिली.

“आणि ती नळी रे... पुन्हा का लावत नाहीत?”

हे मात्र साहेबांना झोपेतही सांगता आलं असतं. “आमचं हे औषध असं आहे, एकदा वितळलं की पहिल्यासारखं राहत नाही. गोठतं, पांढरं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, तेच आहे. पण आतून मोडलेलं असतं. पुन्हा तापवलं की आकडा खाली येतो. आणखी तापवलं की आणखी खाली. जितक्यांदा तापवाल तितका...”

वाक्य तिथंच राहिलं.

“आणि पहिला आकडा?” बुवांनी विचारलं.

“तो खरा असतो,” साहेब अगदी हळू म्हणाले.

बाहेर धूर होता तिथंच होता.

बुवांनी ताट बाजूला सरकवलं, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि पायरीपाशी येऊन बसले. साहेबांच्या बुटाची नाडी सोडू लागले.

“अहो बुवा, हे काय! पाय कसले धरता!”

“हलू नकोस. मघापासून एका बुटात अवघडून बसलायस.”

नाडीला गाठ बसली होती. बुवांनी ती न ओढता, नखानं हळूहळू सैल केली. बूट निघाला. साहेबांनी पाय गार फरशीवर टेकवला आणि कितीतरी वेळानं श्वास सोडला.

“उद्या तिला काय विचारू, बुवा?”

“काही विचारू नकोस,” शेजारचे बुवा म्हणाले. “नवी नळी दे तिला. आणि तू जरा डोळे मीट.”