पाठ खाजवणारा डाकू

डाकूंच्या चित्रपटांत चाळीस वर्षे नायकाच्या गोळ्या खाऊन घोड्यावरून पडलेला एक वृद्ध नट कोल्हापुरात राहत असे. नायकपद काही त्याच्या नशिबी नव्हते. पण पडावे कसे, ते त्याच्याकडून शिकावे.

त्याच्या शिष्याला मालिकेत डाकूचे पहिलेच काम मिळाले. संवाद एकही नाही! एक म्हातारी मुलाच्या प्राणांसाठी टोळीपुढे पदर पसरते, तेव्हा मागे उभे राहायचे, बस. पण पठ्ठ्या बिलंदर. म्हातारी बोलत असताना आपण खंजिराने दात कोरायचे, असे त्याने ठरवले.

"सगळे माझ्याकडेच बघतील, अण्णा! अशी संधी पुन्हा येत नाही," तो म्हणाला.

त्या दुपारी टीव्हीवर वृद्धाचाच जुना चित्रपट लागणार होता, तो पाहायला त्याने शिष्याला बसवून घेतले.

पडद्यावर पोलिसांनी टोळीला घेरले. एक डाकू पुढे येऊन बोलू लागला, तोच मागच्या तरुण अण्णांनी बंदुकीच्या नळीने पाठ खाजवली. शिष्य खो खो हसला. याच प्रसंगाने अण्णांचे नाव गावोगाव झाले होते. त्याने वळून पाहिले, तर वृद्धाने डोळे घट्ट मिटलेले.

"अहो अण्णा, तुमचाच प्रसंग की! डोळे काय मिटता?"

"उघडे ठेवले की आजही मी मलाच बघतो, लेका. तो पुढं बोलतोय ना, तो रंगराव. वीस वर्षं माझ्याबरोबर मुकाट पडला. जन्मात हे एकच वाक्य मिळालं त्याला. बायकोलाही सांगितलं नाही. म्हणाला, पडद्यावरच ऐक. पहिल्या खेळाला तिला घेऊन आला. मी पाठ खाजवली आणि हशा, शिट्ट्या! त्याचं एक अक्षरही ऐकू आलं नाही कुणाला. बाहेर आल्यावर मलाच म्हणाला, 'झकास केलंस गड्या.' तो वारला तेव्हा वहिनींनी विचारलं, 'भावजी, ह्यांचं ते वाक्य काय हो होतं?' मला सांगता येईना. माझं सगळं ध्यान नळीकडं! गेल्या वर्षी हा चित्रपट टीव्हीवर लागला, तेव्हा डोळे मिटून पहिल्यांदा ऐकलं."

"काय म्हणतात ते?"

"'तुम्ही निघा, मी थांबतो.'" वृद्धाने डोळे उघडले. "आता कळून काय उपयोग? सांगायला वहिनीही राहिल्या नाहीत."



पुढे मालिकेचा तो भाग लागला, तेव्हा शिष्याची आई टीव्हीसमोरून हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "अरे, तू कुठं होतास यात? मला दिसलाच नाहीस."

"त्या म्हातारीच्या मागं होतो. ती काय म्हणाली, ते ऐकलंस ना?"

आईने पदराने डोळे पुसले आणि होकारार्थी मान डोलावली.